दुसरा खंड आणि चार म्हातारे

पुस्तकं मी मुद्दाम गोळा केली, किस्से मात्र आपोआप जमत गेले. पुस्तक घरी आणून झटकलं की धूळ जाते; ते कसं मिळालं ती हकिकत तेवढी अंगाला चिकटून राहते. आज माझ्याकडे लष्करी इतिहासाची चार कपाटं आहेत. किस्से किती, ते मोजलेले नाहीत. सांगायला बसलो की पत्नी म्हणते, "चिडणार असाल तर आधी बीपीची गोळी घ्या."

घेतली आहे. तरी चिडणार आहे!

मी इतिहासाचा प्राध्यापक होतो, डॉक्टरेटही केली. त्यामुळे आपल्याला काहीतरी चुकीचं आठवतंय ही धास्ती कायम असते. चूक सापडली तर सांगा. मला रात्रभर झोप लागणार नाही, पण सांगा.

*

जालना जिल्हा झाला, त्या वर्षीची, म्हणजे एक्याऐंशी सालची गोष्ट. मुनीरभाईंच्या रद्दीच्या दुकानात शिरलो, तर ते चहाच्या शेगडीला वारा घालत होते. हातात पंखा नव्हता. तपकिरी कापडी बांधणीचा पुठ्ठा होता! त्यावर इंग्रजी सोनेरी अक्षरांत एका जुन्या पलटणीचं नाव, आणि खाली 'खंड पहिला'.

"अहो, हे काय करताय?"

"चाय, प्रोफेसरसाब. घेणार?"

"याचं पुस्तक कुठाय?"

"पोत्यात. पुठ्ठा अलग, कागद अलग. एकत्र दिलं तर मिलवाले माल परत पाठवतात. धंद्याचा कायदा आहे!"

म्हणजे हा माणूस वर्षानुवर्षं पुस्तकांची सालं काढत बसला होता! मी खांद्यापर्यंत हात घालून पोतं उपसलं. पुस्तक मिळालं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढलेल्या पलटणीचा इतिहास. पुठ्ठाही मिळाला, एक कोपरा जळालेला.

"आणि दुसरा खंड?"

"आला तर सांगतो. नाही आला तर चहाला या."

मी भयंकर संतापलो होतो. मग चहा प्यायलो.

*

त्या पुस्तकामुळे साळवे सुभेदार माझ्या आयुष्यात आले. मंठ्याजवळच्या खेड्यातले. फौजेतून निवृत्त होऊन एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीचं काम करायचे. मुनीरभाईंनीच त्यांना माझा पत्ता दिला. दारात ताठ उभे राहून म्हणाले, "सर, तुमच्याकडं इराकच्या लढाईचं पुस्तक हाये म्हन्ले. त्यात माझा आजा हाये का बघायचंय."

आजाचं नाव राघोजी. निजामाच्या मुलखातून नगरला जाऊन याच पलटणीत भरती झाला, बोटीत बसला आणि परत आलाच नाही. ना कागद आला, ना पेन्शन. गावानं निकाल दिला : पळून गेला, तिकडंच कुठं बाई करून राह्यला. तेव्हापासून त्या घराचं नाव 'पळपुट्याचं घर'.

"म्या अठ्ठावीस वर्सं फौजेत काढली, सर. एकाहत्तरच्या लढाईत व्हतो. पन सुट्टीवर गेलं की पारावरचे म्हन्तेत, पळपुट्याचा नातू आल्ता!"

प्रस्तावना उघडून दाखवली. तिथे लिहिलं होतं की मोहिमेत कामी आलेल्या प्रत्येक शिपायाचं नाव आणि गाव दुसऱ्या खंडाच्या शेवटी दिलं आहे.

सुभेदारांनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. "मंग दुसरा खंड पाह्यजे," एवढंच म्हणाले.

त्यांनी सरकारी दप्तरांनाही पत्रं लिहिली होती. सगळीकडून एकच उत्तर : जुने रेकॉर्ड उपलब्ध नाही. माणूस नाही, कागद नाही, पण टोमणा मात्र पिढ्यान्‌पिढ्या उपलब्ध!

*

एका तालुक्याच्या वाचनालयात युद्धाची जुनी पुस्तकं आहेत असं कळलं. मी आणि सुभेदार एसटीनं गेलो. ग्रंथपालानं कपाट दाखवलं. आत आमचा खंड असेल-नसेल, पण पाठीवर तलवारी छापलेली वीसेक पुस्तकं दिसत होती.

"वाचायला मिळतील?"

"नाही. जीर्ण यादीत गेलीत. जीर्ण पुस्तक वाचकाला देता येत नाही."

"मग विकत द्या."

"विकता कशी येतील? अजून फाटलेली नाहीत!"

"म्हणजे फाटली की विकणार?"

"फाटल्यावर कोण घेईल, सर? तुम्ही एवढे शिकलेले..."

सुभेदारांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. नाहीतर त्या दिवशी वाचनालयात खरोखरीच काहीतरी फाटलं असतं! सहा महिन्यांनी मुनीरभाईंनी त्या कपाटातली एकूणएक पुस्तकं पाहून सांगितलं की आपला खंड त्यात नव्हता. कपाट त्यांच्याकडेच रद्दीत आलं होतं.

*

एका स्टील कारखान्याच्या गेस्टहाउसात जुनी इंग्रजी पुस्तकं आल्याची बातमी सुभेदारांनीच आणली. मॅनेजर मोठा अदबशीर माणूस. म्हणाला, "बघा ना, सर. सगळा सेट मरून कलरचा आहे. सोफ्याला मॅच होतो."

पाच फूट लांब फळी, आणि तिच्यावर दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासाचे खंड! मी एक ओढला. येईना. दुसरा ओढला, येईना. जोर लावला तर अख्खी फळी हलली.

"गोंदानं चिकटवलेत," मॅनेजर अभिमानानं म्हणाला. "पाहुणे उचलून नेतात हो!"

परतताना सुभेदार म्हणाले, "सर, आमच्याकडं बिनकामाच्या तोफा अशाच बसवत्यात. गेटवर, सिमेंटात."

*

आता दुसऱ्यांवर एवढा चिडलोय तर स्वतःचंही सांगितलं पाहिजे. सुभेदारांनी एकदा पहिला खंड चार दिवसांसाठी घरी मागितला. गावात नेऊन लोकांना प्रस्तावना दाखवायची होती. मी म्हणालो, "बांधणी नाजूक आहे. इथे बसूनच वाचत जा."

ते दर रविवारी यायचे. मी त्यांना आधी हात धुवायला लावायचो. अठ्ठावीस वर्षं रायफल लख्ख ठेवलेला माणूस माझ्या मोरीवर निमूट हात धुवायचा!

हे आठवलं की वाटतं, तो मॅनेजर निदान गोंद वापरत होता. मी तोही वाचवला.

*

या सगळ्यात चौथे होते अंबडचे देशमुख वकील. तेही आमच्यासारखेच वेडे. महिन्यातून एकदा मुनीरभाईंच्या दुकानात येऊन पोती उपसायचे. मात्र आपल्याकडे काय आहे ते कधीच सांगायचे नाहीत. "संग्रह सांगायचा नसतो, प्राध्यापक. नजर लागते!"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. एका दुपारी सुभेदार दुकानात पडक्या चेहऱ्यानं बसले होते. त्यांच्या नातीला बघायला पाहुणे आले होते. सगळं पसंत पडलं, आणि उठता उठता एकानं विचारलं, "पळपुट्याचं घर ते हेच का?"

मग मी, विषय बदलावा म्हणून, वकिलांची एक जुनी चूक काढली. ते म्हणायचे, ती पलटण बसऱ्याला उन्हाळ्यात उतरली. मी म्हणालो, हिवाळ्यात.

वकील भडकले. "मला शिकवता? दुसऱ्या खंडात स्पष्ट दिलंय! तीन वेळा वाचलाय मी!"

शेगडीवरचा चहा उतू गेला, तरी मुनीरभाई जागचे हलले नाहीत.

"कोन्ता दुसरा खंड?" सुभेदारांनी विचारलं.

वकील पुठ्ठ्यांकडे बघायला लागले.

"किती वर्सं झाली, वकीलसाब?" हे मुनीरभाई.

"असतील... दहा-अकरा. पण कुणी विचारलंच नाही ना!"

विचारलं नाही! ज्या दुकानात आम्ही अठरा वर्षं त्या खंडाच्या नावानं गळा काढत होतो, तिथेच बसून हे गृहस्थ म्हणतात, विचारलं नाही!

मुनीरभाईंनी शटर ओढलं. आम्ही चौघं पुढच्याच एसटीनं अंबडला गेलो.

वकिलांच्या घरी काचेचं कपाट, त्याला कुलूप. खंड मलमलीत गुंडाळलेला, घडीत कडुनिंबाचा पाला. वकिलांनी तो टेबलावर ठेवला आणि आम्ही शेवटची पानं उघडायला गेलो.

उघडेनात.

जुन्या पद्धतीच्या पुस्तकांत छापलेला मोठा कागद घडी घालून शिवतात. घड्यांच्या कडा जोडलेल्याच राहतात; वाचणाऱ्यानं सुरीनं कापत कापत पुढे जायचं. या खंडात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकही कड कापलेली नव्हती.

"तीन येळा वाचलं म्हनलात नं?" सुभेदार हळूच म्हणाले.

वकिलांचा चेहरा लाल झाला. "अस्पर्श प्रत आहे ही! देशात दुसरी नसेल. कापली की संपली! प्राध्यापक, तुम्ही तरी सांगा!"

आणि मी, माझी लाज कुठं झाकू, मी म्हणालो, "सुभेदार, उद्या चांगली सुरी आणू, पट्टी लावून सावकाश..."

सुभेदारांनी चंची काढली. चंचीतून अडकित्ता काढला. पातं घडीत सरकवलं आणि ओढलं. एक पान. दुसरं. वकील डोळे मिटून उभे होते. सहाव्या कडेनंतर यादी उघडली. सुभेदारांचं बोट वरून खाली सरकत गेलं, पान उलटलं, पुन्हा सरकलं आणि एका ओळीवर थांबलं.

"वाचा, सर. पक्कं वाचा."

मी वाचलं. राघोजी, बापाचं नाव, गाव, तालुका. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला चष्मा पुसला, तर सुभेदारांनी हात वर केला. "बस, सर."

मग त्यांनी अडकित्ता धोतराला पुसला, चंचीतून सुपारी काढली, सावकाश कातरली आणि पहिलं खांड वकिलांच्या हातावर ठेवलं.