बाजूला ठेवलेले दोनशे प्रश्न

मुकुल सकाळी आपण होऊन उठायला लागला, हे मालविकानं कुणालाच सांगितलं नाही. बोललं की दृष्ट लागेल, असं रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईनं मानू नये. पण ती मानायची. दीड वर्ष पोरगा खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होता. मेडिकलच्या प्रवेशाला दोनदा मार्क कमी पडले, मग नांदेडला कॉम्प्युटरची पदवी केली, पुण्यात नोकरी लागली आणि सात महिन्यांत गेली. लातूरला परत आला तो बोलणं पुण्यातच विसरून आल्यासारखा. ताट दाराशी ठेवायचं, तासाभरानं अर्धं भरलेलं उचलायचं. आता हा उठतोय, अंघोळ करतोय, चहा मागतोय. हे टिकावं, एवढंच तिचं मागणं होतं.

त्याला उठवलं ते बसम्मानं. बसम्मा उदगीरची. इथल्या एका ट्रस्टच्या इस्पितळात हेडसिस्टर. तिची मुलगी मालविकाच्या मेडिकल प्रवेशाच्या क्लासला होती, म्हणून घरी येणं-जाणं. एकदा येऊन बसली आणि कुरकुरायला लागली, "काय सांगू मॅडम, दिवसभर फोन. उपाशी यावं का जेवून, कोणता कागद आणायचा, दाताचे डॉक्टर कोणत्या वारी. तेच ते. माझं तोंड दुखायलंय."

आतून मुकुल बाहेर आला. दाढी वाढलेली, बनियनवर. म्हणाला, "हे मशीन सांगू शकेल."

बोलण्यातून बोलणं निघत ते इस्पितळाच्या डॉक्टरांपर्यंत गेलं. इस्पितळाची अट एकच होती: रोग्यांचं बोलणं बाहेर कुठं जाता कामा नये, मशीन तिथंच खोलीत बसून बोललं पाहिजे. आणि आपल्याकडच्या माणसांचं बोलणं त्याला समजलं पाहिजे. डॉक्टरांनी मशीन आणून दाखवायला तीन महिन्यांनंतरची तारीख दिली. जमलं तर मुकुलला तिथंच कायम ठेवून घेणार होते.

नांदेडहून मुनीब आला. मुकुलचा कॉलेजचा दोस्त, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा. बंद पडलेल्या गेमिंग पार्लरमधलं ग्राफिक्स कार्ड त्यानं टॉवेलात गुंडाळून एसटीतून मांडीवर आणलं होतं.

"काकू, ह्याला लेकरासारखं जपा. लई गरम होतंय, कूलर ह्याच्याकडं वळवा. तुमच्या लेकाला उकडलं तर उकडू द्या."

"आणि मला?" मालविका म्हणाली.

"तुम्ही तर मालकीण हाव, तुम्हाला काय उकडतंय!"

मुकुल हसला नाही, पण त्याच्या ओठांचा कोपरा हलला, तो तिनं पाहिला.

काम काय आहे ते त्यानंच तिला एकदा समजावलं. भाषा येणारं मोठं मॉडेल आयतं मिळतं, पण ते अख्खं नव्यानं शिकवायचं तर खोलीभर यंत्रं लागतात. घरच्या कार्डाची मेमरी बारा जीबी. म्हणून मूळ मॉडेल चार बिटांत दाबून बसवायचं, त्याला हात लावायचा नाही. त्याच्यावर नव्या आकड्यांचे पातळ थर चढवायचे आणि फक्त तेवढेच थर शिकवायचे. पहिले आठ दिवस पडद्यावर मेमरी संपल्याचा तोच तो लाल मजकूर येत राहिला. मुकुल घास लहान करत गेला: आठऐवजी एका वेळी एकच प्रश्न, वाक्यं आखूड. नवव्या दिवशी गाडी चालायला लागली. लाईट गेली तरी सगळं वाया जाऊ नये म्हणून शिकलेलं दर शंभर पावलांनी साठवायची सोय त्यानं केली.

शिकवायला प्रश्न हवेत. बसम्मानं रोग्यांची नावं वगळून सगळं जसंच्या तसं रजिस्टरात उतरवलं. 'बीपीची गोळी घिऊन रक्त तपासायला यावं का तसंच?' 'म्हातारीला चालाय येत न्हाई, खुर्ची मिळंल का?' खाली उत्तर. मालविका दुपारी क्लासहून आली की टाईप करायला बसायची. बत्तीसशे प्रश्न. मुकुल शेजारी. मधेच तो एखादं वाक्य मोठ्यानं वाचायचा आणि दोघं गालातल्या गालात हसायची. तिला वाटायचं, हे रजिस्टर संपूच नये.

त्यातले दोनशे त्यानं वेगळ्या फाईलमध्ये ठेवायला लावले. "हे तपासायचे, आई. शिकवायचे नाहीत."

"बरं," ती म्हणाली. तिचं लक्ष की-बोर्डकडे होतं.

पहिली तपासणी झाली. दोनशेपैकी सत्त्याण्णव. मुकुलनं मनाशी दीडशे धरले होते. तो उठला, खोलीत गेला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या दिवशी तसाच. मालविकानं ताट पुन्हा दाराशी ठेवलं. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या वीजपुरवठ्याचा डबा जळाल्याचं निमित्त झालं आणि नवरा, रविकिरण, त्याला जवळजवळ ढकलतच नांदेडला मुनीबकडे घेऊन गेला.

घरात ती आणि कॉम्प्युटरचं गार पडलेलं खोकं. लॅपटॉपवर दोन्ही फाईली होत्या. सोळा वर्षं तिनं मुलांना एकाच रीतीनं तयार केलं होतं: जे पेपरात येणार, ते आधी सहा वेळा हाताखालून गेलं पाहिजे. पोराला घाबरवणारे प्रश्न बाजूला ठेवून कुणी परीक्षेला पाठवतं का? ते दोनशे प्रश्न तिनं उत्तरांसकट उचलले आणि शिकवायच्या फाईलमध्ये सहा सहा वेळा, मधे मधे पेरून टाकले. उजळणी, एवढंच तिच्या मनात होतं. मग देवाला दिवा लावला.

पुढच्या खेपेला दीडशेच्या वर. मग एकशे सत्तर. एरवी तपासणीचा आकडा उतरायला लागला की शिकवणं थांबवायचं असतं, हा उतरेचना. मुकुल चालवत राहिला. एकशे एक्याण्णवला पोचला तेव्हा तो खुर्चीवरून उठून स्वयंपाकघरात आला आणि त्यानं तिला चक्क उचललं.

"अरे पडेन मी!"

"एक्याण्णव, आई! एकशे एक्याण्णव!"

रविकिरणनं जेवताना विचारलं, "पण घोकून तर म्हणत नाही ना ते?"

"म्हणून तर दोनशे बाजूला ठेवले, बाबा. ते त्यानं जन्मात पाहिलेले नाहीत. त्यावर आला तोच आकडा खरा."

मालविकाच्या हातातली पळी आमटीत तशीच राहिली. तेव्हा तिला कळलं. इस्पितळाच्या तारखेला चार दिवस होते. चारही दिवस ती सांगायला म्हणून खोलीच्या दाराशी गेली. तो शीळ घालत वायरी बांधत होता. ती विचारायची, "चहा टाकू?"

इस्पितळात तीही गेली, रजिस्टर पिशवीत घेऊन. मीटिंगच्या खोलीत मोठे डॉक्टर, ट्रस्टचे दोघे, बसम्मा. मुकुलनं मशीन जोडलं. डॉक्टरांनीच पहिला प्रश्न टाईप केला: लेकराची उद्या सोनोग्राफी आहे, पाणी पाजून आणू का?

उत्तर झरझर आलं. मंगळवारी आणि शुक्रवारी दहा ते एक या वेळेत यावं, जुना कागद सोबत आणावा.

"हे दातांचं आहे," बसम्मा हळूच म्हणाली.

दुसरा प्रश्न, तिसरा. भाषा गोड, आदबशीर, आपल्याकडची, उत्तर भलत्याचंच. मुकुलच्या मानेवरून घाम ओघळताना मालविकाला मागून दिसत होता. बसम्माला राहवेना. "थांबा हो, मी विचारते," म्हणून तिनं म्हातारीच्या खुर्चीचा प्रश्न घातला. उत्तर अक्षरन् अक्षर बरोबर.

"बघा, येतंय की!"

"सिस्टर," डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्या रजिस्टरातलंच ना?" मग मुकुलकडे वळून, अगदी हळू आवाजात, "छान बोलतं हो हे. पण ऐकत नाही. आमच्याकडे ऐकणारं पाहिजे." चहा आला. चहा पिऊनच जा म्हणाले. नोकरीचं नाव कुणी काढलं नाही.

रिक्षात मुकुल एकच वाक्य बोलला. "खुर्चीचा प्रश्न दोनशेतला होता."

घरी येऊन त्यानं फाईल उघडली. तो शोधून काढायच्या आत आपण सांगावं, म्हणून मालविका दारातूनच बोलली. "मी घातले. तू नांदेडला गेला होतास तेव्हा. तू पडून राहिलास ना, मला बघवेना."

तिला वाटलं होतं तो ओरडेल. किंवा निदान चूक आपली नव्हती म्हणून त्याचा जीव हलका होईल. तो पडद्याकडेच बघत राहिला.

"किती वेळा?"

"सहा."

मग तो म्हणाला, "तुझ्या क्लासमधे मला सहाशे चाळीस पडायचे. खऱ्या पेपरात चारशेच्या आत. दोन्ही वर्षी. तू म्हणायचीस, मी घाबरतो."

"घाबरायचासच तू."

"क्लासमधले पेपर आधी माझ्या हाताखालून गेलेले असायचे ना, आई?"

"सगळेच करतात रे तसं. सगळ्याच क्लासमधे..." पदराशी चाळा करत ती म्हणाली, "ते प्रश्न काढून टाक ना. पुन्हा चालव. डॉक्टरांना मी भेटते, पाया पडते त्यांच्या."

"अजून कुठं काय केलंस?"

"कुठंच नाही. तुझी शपथ."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. बाजारात सुटे परत घेताना अनोळखी माणसाकडे बघतात, तसं. मग हात पुढं करून तिच्या पिशवीतलं रजिस्टर घेतलं, पहिलं पान उघडलं, फूटपट्टी ओळीखाली धरली आणि तिनं टाईप केलेलं वाक्य त्याच्याशी ताडून बघितलं. मग दुसरं. मग तिसरं.

"मी वाचून दाखवू?" तिनं विचारलं. "लवकर होईल. बत्तीसशे आहेत."

"नको."

ती तरीही खुर्ची ओढून शेजारी बसली. त्यानं रजिस्टर उचलून पलीकडच्या बाजूला ठेवलं, तिच्यापासून लांब, आणि फूटपट्टी चौथ्या ओळीखाली सरकवली.