गिरमिटकाका आणि चौदा सेंटिमीटर

हे लिहायचं मी बारा वर्षं टाळलं. आधी नोकरी होती, मग नातवंडांचं निमित्त मिळालं, मग गुडघ्यांचं. खरं कारण एवढंच की हे लिहिलं की मी कसा माणूस आहे ते उघड होईल. आता चौऱ्याहत्तरीत ते उघड झाल्यानं कोणाचं काही बिघडत नाही. आमच्या कंपनीच्या चौकशी अहवालात एका माणसाबद्दल लिहून ठेवलं आहे की त्यानं धोक्याच्या जागी बर्फाची जाडी मोजलीच नाही. ते खोटं आहे. त्यानं ती मोजली होती, आणि हे मला माहीत होतं.

त्या माणसाला आम्ही गिरमिटकाका म्हणायचो. जगातल्या कुठल्याच बर्फावर त्यांचा विश्वास नव्हता. विषुववृत्ताजवळच्या आमच्या शहरात, बुओना व्हिस्टाच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, उसाचा रस घेतला तरी ते ग्लासातला खडा चमच्यानं काढून उजेडात धरायचे. खडा आरपार दिसला तर मान डोलवायचे. पांढरट निघाला तर म्हणायचे, "हा निम्म्या ताकदीचा. आत नुसती हवा भरलीय, तुमच्या ऑफिससारखी." रस विकणाऱ्या बाईला वाटायचं, काकांना माशी सापडली. ती बिचारी दर वेळी ग्लास बदलून द्यायची.

काकांनी उत्तर कॅनडात बावीस हिवाळे काढले होते. तिथे थंडीत तळी गोठली की त्यांच्यावरून खाणींकडे मालट्रक जातात, आणि ट्रक जाण्याआधी कोणीतरी पायी पुढे जाऊन बर्फाला भोकं पाडून जाडी मोजतो. तो कोणीतरी म्हणजे काका. पत्नी गेल्यावर ते जुरोंग ईस्टला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आजोबा कोकणातले सुतार, म्हणून भोकं पाडायच्या त्या माणूसभर उंचीच्या हत्याराला ते ऑगर कधीच म्हणाले नाहीत. "गिरमिट म्हणा. इंग्रजीत म्हटलं तर काय बर्फ जास्त जाड होतो?"

आणि आम्ही कोण? ज्यांनी फ्रीजबाहेर बर्फ पाहिलेला नाही अशा लोकांनी मंगोलियातल्या एका गोठलेल्या तळ्यावरचा रस्ता आखायचं कंत्राट घेतलं होतं. बाहेर बत्तीस डिग्री, आत एसी, आणि पुण्या-मुंबईहून एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, आलेले वीस हुशार इंजिनियर पडद्यावर निळ्या रेघा ओढत बसलेले. मी त्यांचा प्रमुख. कंत्राट मिळवायचं तर बर्फावर काम केलेला एक तरी माणूस दाखवावा लागतो, म्हणून काकांना घेतलं. त्यांचं ऐकायचं असतं असं आमच्यापैकी कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

काका माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, पण मला 'सबनीससाहेब' म्हणायचे. त्यातलं 'साहेब' ते असं उच्चारत की त्यापेक्षा शिवी बरी वाटावी.

आमच्या लोकांना तळ्यावर पाठवण्याआधी त्यांनी शिकवणी घेतली. मी स्लाइड्स मागितल्या. ते म्हणाले, "स्लाइड बुडत नाही, साहेब, माणूस बुडतो." दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अंगात जाड जॅकेटं आणि पायात बूट घालून एका कॉन्डो सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये उतरवलं. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीनं बांधलेल्या दोन लाकडी मुठी, मुठींना खिळे. काठावर त्यांनी भिजलेली गादी टाकली होती. खिळे गादीत रोवायचे, पाय झाडायचे आणि पोटावर सरपटत वर यायचं. वर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत लांब जायचं. सिक्युरिटीचा माणूस इथल्या बोलीतलं 'लाह' जोडत धावत आला. "अंकल, कॅनॉट लाह! पूलमध्ये बूट नाही चालत!" काका त्याला शांतपणे म्हणाले, "यू आल्सो कम. युवर लाइफ आल्सो इम्पॉर्टंट."

त्या दिवशी केतकी म्हणून एक मुलगी, पुण्याहून आलेली सर्व्हे इंजिनियर, पूलच्या समोरच्या काठाकडे पोहायला लागली. काका ओरडले, "कुठे निघालीस पुढे? मागं वळ! ज्या बाजूनं आलीस त्याच बाजूला वर ये. त्या बर्फानं तुला एकदा पेललंय. पुढच्याची तुझी ओळख आहे का?" सगळे हसले. सर्वांत जास्त केतकी हसली.

गाडीबद्दलचे त्यांचे नियम आमच्या सुरक्षा विभागाला अपमानास्पद वाटले. बर्फावर सीटबेल्ट लावायचा नाही. थंडी उणे तीस असली तरी काच खाली ठेवायची. दोन गाड्यांत लांब अंतर ठेवायचं. वेग बैलगाडीचा, कारण गाडी धावली की बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते, आणि ती काठाजवळ पोचली की बर्फ खालून फोडते. वर भुरभुरीत हिमाचा थर जाड दिसला तर खूश व्हायचं नाही. "ती गोधडी आहे. गोधडीखाली पाणी उबेत राहतं आणि बर्फ धरत नाही." सुरक्षा विभागानं यातला सीटबेल्टचा नियम लाल शाईनं खोडला. का, तर कंपनीच्या धोरणात बसत नाही. बेल्ट लावून बुडालेला माणूस धोरणात बसतो.

काका दोन आठवडे तळ्यावर गेले. रस्त्याच्या पूर्ण लांबीवर त्यांनी हातानं चाळीस भोकं पाडली आणि आकडे वहीत टिपले. पेन्सिलनं, कारण शाई गोठते, आणि मराठीत, कारण "दात वाजत असताना स्पेलिंग कोण आठवणार?" रोज संध्याकाळी ते सॅटेलाइट फोनवरून मला आकडे सांगत आणि मी ते एक्सेलमध्ये भरत असे. एकोणचाळीस आकडे साठ ते सत्तर सेंटिमीटरच्या मधले. सातवं भोक त्यांनी शेवटच्या दिवशी पाडलं. त्याचा आकडा चौदा.

"चौदा?" मी म्हणालो. "काका, तुमचं काहीतरी चुकलं असेल."

"माझं गिरमिट चुकत नाही. तिथे खालून ओढा येऊन मिळतो, वाहतं पाणी बर्फ चाटतं. वीतभरसुद्धा नाही तिथे. माणूस चालेल, गाडी नाही. रस्ता वळवा."

"सरासरी चौसष्ट येतेय."

"गाडी सरासरीवरून जात नाही, साहेब. बर्फावरून जाते."

"पाहतो," मी म्हणालो.

काय पाहिलं ते सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी रॅफल्स प्लेसला गिऱ्हाइकापुढे नकाशा ठेवायचा होता. चाळीस ठिपक्यांची रेघ छान सपाट येत होती आणि सातव्या ठिपक्यावर दरीत कोसळत होती. रस्ता वळवायचा तर सगळी आखणी नव्यानं, म्हणजे आणखी दहा दिवस. आमच्या धंद्यात अशा ठिपक्याला शहाण्या माणसांनी एक नाव देऊन ठेवलं आहे, आउटलायर. नाव दिलं की तो काढून टाकता येतो. मी काढून टाकला. रेघ सरळ झाली. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "ब्यूटिफुल कर्व्ह." मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

माझ्या 'पाहतो'वर विश्वास ठेवून काका ठरल्याप्रमाणे परत आले आणि त्यांच्या जागी केतकी गेली. तिच्या टॅबलेटवर माझी सरळ रेघ होती. तिसऱ्या दिवशी सातव्या भोकापाशी जनरेटर लादलेला तिचा पिकअप बर्फातून खाली गेला. काच खाली होती आणि बेल्ट लावलेला नव्हता. ती खिडकीतून बाहेर आली, मागे वळली, खिळे रोवून वर सरपटली आणि लोळत लांब गेली. मागून अंतर राखून येणाऱ्या गाडीनं तिला उचललं. उजव्या पायाची गारठ्यानं मेलेली दोन बोटं कापावी लागली. सुरक्षा विभागानं खोडलेला नियम काकांनी शिकवला नसता तर केतकीची गोष्ट मी वेगळ्या शब्दांत लिहिली असती. किंवा लिहिलीच नसती.

चौकशी बसली. काका म्हणाले, मी माप दिलं होतं. एक्सेलमध्ये तो आकडा नव्हता. त्यांनी वही पुढे केली. समितीतल्या तिघांपैकी एकालाही मराठी येत नव्हतं. त्यांनी वही उलटीसुलटी करून पाहिली आणि ती माझ्याकडे दिली. मी प्रमुख, मराठी माणूस, वाचून सांगा. बाहेर वीस मराठी इंजिनियर बसले होते, त्यांतल्या कोणालाही बोलावता आलं असतं. पण त्या सगळ्यांच्या पासचं नूतनीकरण माझ्या सहीनं व्हायचं, आणि समितीला बहुधा अशीच सोय हवी होती.

काकांचं अक्षर पाटीवर गिरवल्यासारखं होतं, टपोरं. 'सात: चौदा. ओढा. रस्ता वळवा. साहेबांना सांगितलं.' पुढे त्या दिवसाची तारीख.

मी इंग्रजीत सांगितलं की सातव्या ओळीचं अक्षर लागत नाही.

काका टेबलाच्या पलीकडेच बसले होते. त्यांनी ती ओळ स्वतः मोठ्यानं वाचली, मग इंग्रजीत सांगितली. समितीच्या प्रमुखबाई नम्रपणे म्हणाल्या, तुम्ही तुमच्या बाजूनं वाचणारच. काका माझ्याकडे वळले. "सबनीससाहेब, मला दुसरं काही नको. नोकरी ठेवा तुमच्याकडे. फक्त एवढं लिहा, की त्या भोकाचं माप मी घेतलं होतं. बावीस वर्षांत एकही भोक मी न मोजता सोडलेलं नाही." मी फाइल चाळत होतो. आत काहीतरी शोधतोय असं दिसावं म्हणून.

अहवालात 'माप घेतल्याचा वाचनीय पुरावा नाही' असं आलं. बर्फावर काम करणाऱ्यांचं जग लहान असतं. त्यानंतर काकांना कोणी बोलावलं नाही, सल्ल्यालासुद्धा नाही. मला त्या वर्षी बढती मिळाली. केतकी पुण्याला परत गेली. जाण्याआधी तिनं काकांना फोन केला, आणि मला केला नाही. वीस जणांपैकी एकालाही शंका आली नसेल असं नाही. पण ईएमआय आणि मुलांच्या शाळा असलेला माणूस शंका कशी गिळतो हे मी त्यांना रोज शिकवतच होतो.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी एका दुपारी मी जुरोंग ईस्टला त्यांच्याकडे गेलो. दार त्यांनीच उघडलं. वाळले होते, पण आवाज तोच. "या, साहेब. लिफ्टनं आलात की सरासरीनं?" चहा त्यांनीच केला. मुलगी कामावर होती. नात शाळेतून आली, मला बघून म्हणाली, "आजोबा, हूज दिस?" काका म्हणाले, "माझे जुने साहेब. फार वाचन आहे त्यांचं." ती "ओके लाह" म्हणून आत गेली.

मी तासभर बसलो. काका मजेत बोलत होते. वसंतात बर्फ मेणबत्त्यांसारखा उभा उभा कसा सुटतो, तेव्हा जाडी हातभर असली तरी त्यावर पाय का ठेवायचा नाही. मी मान हलवत होतो. दर वेळी ते श्वास घ्यायला थांबले की मी तोंड उघडायचो, आणि चहाचा घोट घ्यायचो. उठताना त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, "चष्मा बदललात का?"

"हो," मी म्हणालो.

"बरं झालं. काही सांगायला आला होतात?"

"छे. असंच, भेटायला."

"मग या सावकाश."

त्यानंतर पाच महिन्यांनी ते झोपेतच गेले. त्या दुपारी निघालो तेव्हा दारापासून लिफ्टपर्यंत वीस पावलं होती. मी दोनदा थांबलो होतो, आणि माझ्या पाठीमागे दार अजून उघडंच होतं. ते लावल्याचा आवाज मी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत आला नाही. मागे वळून एकच वाक्य म्हणायचं होतं, एवढंच: "काका, मला वाचता आलं होतं. माफ करा."