मल्हाररावांचं हवामान खातं

मल्हारराव चितेगावच्या एका कंपनीत वॉचमन होते. रिटायर झाल्यावर ते मुकुंदवाडीतल्या आपल्या गल्लीचं हवामान खातं झाले. "आमच्या सात पिढ्या मेंढरांमागं फिरल्या. आभाळ बोलतं आमच्याशी," असं सांगायचे. स्वतः त्यांनी जन्मात एक मेंढरू वळलं नव्हतं. तरी बायका पापड वाळत घालण्याआधी त्यांना विचारायच्या, आणि विचारायचं म्हणजे चहा आलाच.

नात श्रेया सहावीत गेली आणि हे खातं अडचणीत आलं. शाळेनं घरी पाऊस मोजायला सांगितला. तिनं प्लास्टिकची बाटली कापली, वरचा तुकडा नरसाळ्यासारखा उलटा बसवला, बाजूला पट्टी चिकटवली आणि बाटली गच्चीवर विटांच्या आधारानं ठेवली. रोज सकाळी ती आबांचा अंदाज भिंतीवर खडूनं लिहायची आणि दुसऱ्या दिवशी शेजारी बाटलीतलं माप. आबा 'मुसळधार' म्हणाले की बाटली कोरडी, आणि 'ऊन' म्हणाले की हिचे बूट भिजलेले.

"तुझी बाटलीच खोटी हाय," आबा म्हणाले.

श्रेयानं गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक ठेवली. आबांना हे कुणी सांगितलं नाही.

एके दिवशी आबांनी सगळ्या गल्लीला 'लई पाऊस' सांगितला. दुपारी कडक ऊन पडलं, तेव्हा ते गुपचूप तांब्या घेऊन वर गेले. संध्याकाळी श्रेया बघते तर पहिली बाटली काठोकाठ आणि दुसरी खडखडीत. आजी बानाबाई तिथंच दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या.

"अहो, पाऊस निस्ता बाटलीत पडला व्हय?" त्यांनी मागोमाग वर आलेल्या नवऱ्याला विचारलं.

"ढग लहान होता," आबा म्हणाले.

बानाबाई हसता हसता खालीच बसल्या. आबा पुढं दोन दिवस गल्लीच्या कोपऱ्यावर फिरकले नाहीत.

श्रेयाला वाईट वाटलं. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आबा, आभाळ खरंच बोलत नाही का?"

"माझ्याशी तरी नाय, बाई."

"मग माप तुम्ही घ्या. मला आता सकाळी क्लास असतो. वरून नाही बघायचं, डोळे पट्टीसमोर आणायचे."

दुसऱ्या दिवशी आबा गुडघे टेकून बाटलीसमोर बसले. रात्री खरंच शिंतोडा पडून गेला होता. पाणी पट्टीवर दोन रेघा चढलं होतं. ते माप त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलं.

हल्ली कुणी विचारलं, "मल्हारराव, उद्या पाऊस हाय का?" तर ते म्हणतात, "परवा या. किती पडला ते बिनचूक सांगतो."

चहा बंद झालाय.