भेगेतली रेती

आईच्या बाथरूमचं दार पावसाळ्यात अडकायचं आणि उन्हाळ्यात फटीतून पाल आत येईल इतकं सैल व्हायचं. लाकूड आहे, फुगणारच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. सुतार पावसाळ्यात रंदा मारायचा आणि उन्हाळ्यात तिथेच पट्टी ठोकायचा. शेवटी वैतागून आम्ही फायबरचं दार बसवलं. फायबर कशाला फुगतंय? पण त्या श्रावणात तेही अडकलं, आणि नेमकी आई आत होती.

नागपूरला मनीषनगरच्या घरात ती एकटी राहते. हाका ऐकून शेजारी धावले, त्यांनी पहारीने दार काढलं. आई कशीबशी साडी गुंडाळून बाहेर आली तेव्हा समोर गल्लीतली माणसं उभी. तेव्हापासून तिने कडी लावणं सोडलं. दार अर्धं उघडं ठेवायचं, बाहेर कामवाल्या बाईला नाहीतर मला बसवायचं, मग आंघोळ. मला ते बघवायचं नाही.

पुण्यात राहणाऱ्या दादाला निमित्तच हवं होतं. पुढच्या पावसाळ्यात दार पुन्हा अडकलं तर घर विकायचं आणि आईला पुण्याला न्यायचं, असं त्याने फोनवर जाहीर केलं.

"मले नाही जायचं पुण्याले," आई मला म्हणाली. "त्याच्या बाराव्या माळ्यावर मी दिवसभर करू काय?"

मी मातीच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. मे महिन्यात एका सकाळी आईकडे गेले, तर ती बाहेर बाथरूमच्या भिंतीच्या कडेला बसून जमिनीच्या भेगेत घमेल्याने रेती ओतत होती.

"हे काय करतेस?"

"दरसाल टाकतो आपण. विंचू निघते न त्यातून."

माझं डोकंच फिरलं. आमची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतीपासून सुटते. पाऊस पडला की ती फुगते, भेग आपोआप मिटते आणि वरचं पाणी वरच अडतं. आईच्या रेतीमुळे भेग मिटतच नव्हती. त्यात गच्चीचा पाइपही बाथरूमच्याच कोपऱ्यात पाणी सोडायचा. सगळं पाणी रेतीतून सरळ पायाखाली जायचं, तिथली तहानलेली माती ते पिऊन फुगायची. बाकी घराखालची माती कोरडीच असायची. म्हणजे घराचा तेवढा कोपरा वर उचलला जायचा आणि दाराची चौकट तिरपी व्हायची. दाराचा बिचाऱ्याचा काही दोषच नव्हता.

हे सगळं मी जरा चढ्या आवाजातच सांगितलं.

"म्हणजे मीच केलं म्हणते तू?" आई म्हणाली. "तू का मले शिकवून राहिली वं?" आणि उठून आत गेली. जेवण झाल्यावर मी जरा आडवी झाले. दुपारी उठून पाहते तर आईसाहेब कलथा घेऊन भेगेतली रेती उकरत बसलेल्या. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. मी शेजारी बसले.

पुढे गवंडी बोलावून उरलेली रेती काढली, भेगेत काळीच माती ठासून भरली, त्यावर जाड प्लास्टिक आणि बाहेर उतार असलेली फरशी घातली. गच्चीचा पाइप रस्त्याच्या नालीपर्यंत नेला. गवंड्याच्या कामावर आई दिवसभर खुर्ची टाकून नजर ठेवून होती.

पावसाळा लागला. नागपुरात ढग आले की दादाचा फोन यायचा. "दार?" एवढंच विचारायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि तेवढीच दाराची धास्तीही वाटायची.

श्रावणात पावसाची झड लागली. कामवाली बाई आली नव्हती. मी नेहमीसारखं बाथरूमबाहेर स्टूल मांडलं. आई टॉवेल घेऊन आत गेली, तिने दार पूर्ण लोटलं. मग आतून कडीचा आवाज आला.

मी बसून राहिले. बादलीत पाणी पडत होतं, बाहेर पाऊस पडत होता. कितीतरी वेळाने कडी निघाली आणि दार सरळ उघडलं. आई केस पुसत माझ्याकडे बघत उभी.

"काहून बसून राहिली वं इथं?" ती म्हणाली. "जाय, चहा ठेव. अन् तुह्या दादाले फोन लाव, मले बोलायचं आहे."