दोन दीर्घिकांमधून गेलेली कात्री

ही गोष्ट सांगायची मी पंचवीस वर्षं टाळली. मस्कतच्या जुन्या मंडळींत विषय निघाला की मी चहाच्या निमित्ताने उठायचो. पण परवा नागपूरचे इंजिनिअरसाहेब वारल्याची बातमी आली, आणि एकजण फोनवर म्हणाला, "अंधाराचे फोटो काढायचे तेच ना?" आता गप्प बसणार नाही. ज्याला हसायचंय त्याने माझ्यासमोर येऊन हसावं.

साहेबांनी दोन दीर्घिकांची टक्कर खरोखर फोटोत पकडली होती. मी ती पाहिली आहे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी मस्कतच्या रुवी भागातल्या एका फोटो लॅबमध्ये फिल्म धुवायचो. साहेब राहायला जवळच, वादी कबीरला. सुट्टी आली की दुर्बीण गाडीत टाकून वाळवंटात जायचे. एकदा त्यांनी रोल दिला, पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : कापू नये.

"भाऊ, हा रोल अख्खाच द्या बरं. सप्तर्षींच्या शेपटापाशी दोन दीर्घिका भिडल्यात. आपल्या शेजारीच."

"शेजारी म्हणजे?"

"प्रकाशाला दोन-तीन कोटी वर्षं लागतात."

"मग शहराच्या पार टोकाला असलेल्या आमच्या माबेलापेक्षा जवळच!"

ते खळखळून हसले. मग त्यांनी समजावलं : अशा टकरीत तारे ताऱ्यांवर आपटत नाहीत, मधे जागाच एवढी असते. पण ओढाताण होते. मोठीचा सर्पिल हात ताणला जाऊन धाकटीपर्यंत पोचतो.

ईदची गर्दी होती. निगेटिव्हवर आकाश पारदर्शक दिसतं आणि तारे काळे ठिपके, त्यामुळे एक फोटो कुठे संपतो ते कळत नाही. पाकीट समोर असूनही, रोलचे चार-चार फोटोंचे तुकडे करायच्या सवयीने मी कात्री चालवली. भिंग लावलं तर एका तुकड्यावर मोठीचं वेटोळं, दुसऱ्यावर धाकटी, आणि तो ताणलेला हात मधोमध तुटलेला.

मी अख्खा रोल कचऱ्यात टाकला. साहेबांना सांगितलं, "कोरा निघाला."

"माझंच काहीतरी चुकलं असेल," ते म्हणाले.

मालकाने खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, मशीन बिघडलं नव्हतं. नोकरीचीही भीती नव्हती. माझा हात कधी चुकत नाही, ही माझी मिजास होती.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमात साहेबांनी तो फोटो दाखवायचं कबूल केलं होतं. फोटोच नाही म्हटल्यावर ते फळ्यावर खडूने दोन वेटोळी काढून बोलू लागले. मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, टक्कर झाली तर पोलीस रिपोर्ट कुठाय? त्याशिवाय इथे ओमानात गॅरेजवाला ठोकलेल्या गाडीला हात लावत नाही!" हॉल हसला. मीही हसलो. पुढच्याच महिन्यात त्यांनी दुर्बीण विकली, आणि 'अंधारवाले साहेब' हे नाव त्यांना कायमचं चिकटलं.

तर मंडळींनो, नीट ऐका. तो माणूस बरोबर होता. तुम्ही आणि मी, आपण चुकलो.

काही वर्षांनी ओमान सोडताना ते पासपोर्टच्या फोटोसाठी आमच्याकडे आले. स्टुलावर बसून सरळ माझ्याकडे बघत होते. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. 'साहेब, तो रोल कोरा नव्हता, मला माफ करा,' एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "साहेब, हनुवटी जरा खाली घ्या."