चौकातलं माझं अभिनंदन

"लई गोरी केली बे पोरगी. घरचे तरी वळखतील का?"

शिडीवरचा माणूस खाली दोरी धरून उभ्या असलेल्याला म्हणाला. दोघांनी मान तिरकी करून फ्लेक्सकडे पाहिलं आणि हसले. फ्लेक्सवरची पोरगी मी होते. चार पावलं मागे, तोंडाला स्कार्फ बांधून उभी होते, त्यामुळे त्यांनी ओळखायचा प्रश्नच नव्हता. माझ्या फोटोच्या वर आमच्या आमदार साहेबांचा फोटो होता, पाचपट मोठा. खाली ओळ: 'डेटा सायंटिस्टपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

निवड झालेली नव्हती. पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा मी पास झाले होते, एवढंच. मुलाखत शनिवारी दुपारी एक वाजता लॅपटॉपवर होती. उशीर झाला तर दुसरी वेळ मिळणार नाही, असं मेलमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. मी पप्पांना तो मेल मराठीत करून सांगितला. पण गेवराईत नोकरी म्हणजे भरती, आणि भरती म्हणजे पेपर. पेपर निघाला, म्हणजे पास झाला, की गुलाल.

"पेपर निघाला न्हवं? मग राहिलं काय? मुलाखत नावाला असती," पप्पा म्हणाले आणि त्यांनी क्लासच्या सरांना फोन लावला. सरांनी साहेबांना लावला. दोन दिवसांत मी चौकात लटकले.

सरांचा क्लास हायवेलगत, टायरच्या दुकानावर. 'नव्वद दिवसांत डेटा सायंटिस्ट.' पहिले तीस दिवस ते पडद्यावरचा कोड वाचून दाखवायचे, आम्ही तो उतरवून घ्यायचो. मग प्रत्येकाच्या बायोडाटात एकच प्रोजेक्ट: अमेरिकेतल्या घरांच्या किमतींचा अंदाज. एकदा उत्तरात एका घराची किंमत शून्याच्याही खाली गेली. सर म्हणाले, "येतं असं कधी कधी. पुढं चला." सगळे पुढे गेले. मीही गेले, कारण वर्गात हात वर करणं मला कधी जमलं नाही. इंग्लिश मीडियमला असताना बाई म्हणायच्या, फार शहाणी मुलगी. गप्प बसणाऱ्याला शहाणं म्हणायची सोय सगळीकडे आहे.

घरी मी अभ्यासाचा माझा वेगळा कागद केला. आधी संख्याशास्त्र, मग साठ्यातून माहिती काढायची भाषा एसक्यूएल, आणि एक प्रोजेक्ट, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माहितीचा. दोन महिने मी बसस्थानकावर वही घेऊन बसले आणि कुठली एसटी किती उशिरा आली ते लिहिलं. बाजाराचा वार, पाऊस, ड्रायव्हरचा चहा, सगळं. त्यातून उशिराचा अंदाज बांधणारा प्रोग्राम लिहिला. कंपनीनं त्याबद्दलच विचारायला बोलावलं होतं.

शनिवारी साहेबांच्या हस्ते माझा सत्कार ठेवला होता, सभागृहात, अकराला. मी नाही म्हणाले नाही. पप्पांनी आदल्या दिवशीच शर्टाला कडक इस्त्री करून आणली होती, ती पाहून माझी जीभ उचलेना. सत्कार अकराला, मुलाखत एकला, घर दहा मिनिटांवर. मी हिशेब मांडला आणि त्यात साहेब धरायला विसरले.

साहेबांना यायला बारा वाजून वीस मिनिटं झाली. त्यांच्या उशिरासाठी प्रोग्राम लागत नाही, ते कधी वेळेवर येतच नाहीत. मग हार. मग सरांचं भाषण: "आमच्या नव्वद दिवसांच्या मार्गानं ही मुलगी इथवर आली." मी तो मार्ग पस्तिसाव्या दिवशी सोडला होता. हजेरीपटावर मात्र सरांनी मला नव्वदही दिवस बसवून ठेवलं असणार. मग साहेब उभे राहिले. "आपल्या मातीतली पोरगी सायंटिस झाली. उद्या ही यान सोडंल!" टाळ्या पडल्या. पप्पाही वाजवत होते. पहिल्या रांगेत बसून, मधेच डोळे पुसत. तेवढ्या एका माणसाचा मला राग येईना, आणि त्याचाच जास्त राग आला.

शाल माझ्या खांद्यावर पडली. नारळ हातात आला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बारा चाळीस. सरांनी माइक माझ्या तोंडाशी धरला आणि कानाशी पुटपुटले, "इंग्लिशमधी बोल, फाडफाड. ॲडमिशनं चालू हायत."

माइकनं आधी माझा श्वास सगळ्यांना ऐकवला. मी नारळ साहेबांसमोरच्या टेबलावर ठेवला.

"मला नोकरी लागलेली नाही," मी मराठीत म्हणाले. "मुलाखत अजून व्हायचीय, आज, एक वाजता. पप्पा, स्कूटीची चावी द्या."