बाबांचा उजवा हात

माझे वडील पास्कल यांनी आयुष्यभर केळी लावल्या आणि माझी थट्टा केली. मी बोळिंजजवळच्या शाळेत नववीला जीवशास्त्र शिकवायचे. "पुस्तक वाचून मुनवा काढता येईल काय गं, सेलिन?" असं ते चारचौघांत विचारायचे. नसताच आला. मुनवा म्हणजे केळीच्या बुडाशी फुटलेलं पिल्लू. मूळ कंदाला धक्का न लावता ते सोडवायला हात लागतो, आणि तसा हात पंचक्रोशीत बाबांचाच होता.

१९७८च्या नाताळाआधी त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सुधारलं, पाय घासत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. मी रडले नाही. आधी त्याचं मलाच नवल वाटलं, मग तेही वाटेनासं झालं. सकाळी हाताला तेल चोळायचं आणि शाळेत जायचं, बस.

बाबांचं गणित सरळ होतं. "केळ बुडाशी तोडली तरी कंद जिता असला की कोंब येतोच. माझं डोकं जितं आहे ना? मग हातही येणार." रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर ते हेच ज्याला त्याला ऐकवायचे.

मे महिन्यात खाडीकडचा बळीराम दारात आला. "पास्कलदादा, या साली मुनवे मी लावतो. पावसाच्या पान्यावर लागून जातील."

बाबा भडकले. "माझी वाडी माझ्याच हाताने लागेल!"

बळीरामाने माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ निवडत राहिले. तो गेला.

जुलैत पेशीविभाजनाचा धडा आला. मुलींना सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची मुळं दाखवली. त्वचेच्या पेशी विभागतात, म्हणून खरचटलेलं भरून येतं. मेंदूतली मज्जापेशी एकदा आपल्या कामाला लागली की पुन्हा विभागत नाही. हंसाने विचारलं, "टीचर, मग ती मेली तर?"

"तर मेली. पुढे लिहा." आवाज जरासुद्धा हलला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणी माझ्यासाठीच केली असावी. स्वतःची चीड यायला हवी होती. तीही आली नाही.

सप्टेंबरात वाडीत कमरेएवढं गवत झालं. लावणीची वेळ केव्हाच टळली होती. बाबा बांधावर उभे होते.

"सेलिन, खरं सांग. तुझ्या पुस्तकात माझ्या हाताचं काय लिहिलंय?"

मी सांगितलं. वर्गात सांगते तसंच, त्याच शब्दांत. त्यांनी मध्येच तोडलं नाही.

"हे तुला कधीपासून ठाऊक?"

"पहिल्यापासून."

"पोरींना सांगितलंस?"

"दरवर्षी सांगते."



"बळीराम दारात आला, तेव्हा तू घरातच होतीस," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.